कापडाची उलटी बाजू

हॉटेलच्या खरेदीवाल्या बाईंनी पर्समधून हातभर कापड काढलं आणि दादाच्या टेबलावर पसरलं. राखाडी कापडावर हिरव्या वेलीची किनार, दर वितीला एक पान, आणि प्रत्येक तिसरं पान जरासं मुडपलेलं.

"हे मला दुसरीकडून दाखवायला आलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात, डिझाइन फक्त आमच्यासाठी काढलंय. पडद्यांचं काम मोठं आहे. मला यात भानगड नकोय."

दादाचा चेहरा पडला. त्याने हाक मारली तशी बारकी वरच्या खोलीतून खाली आली. बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाली, नोकरी मिळेपर्यंत म्हणून भावाच्या भरतकामाच्या कारखान्यात डिझाइनं काढायला बसली आणि दोन वर्षं झाली तरी उठली नाही. कारखाना म्हणजे खाली सहा डोक्यांचं, सहा ठिकाणी एकदम शिवणारं एक मशीन, धाग्यांची मांडणी, कापायचं टेबल. वर तिचा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर ती टाका न् टाका आखायची, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, बावीस पायऱ्या उतरायची आणि पेनड्राइव्ह मशीनजवळच्या खिळ्याला अडकवायची. तिथून पुढे मशीन चालवणाऱ्या मास्तरांचं राज्य.

तिने ते कापड हातात घेतलं आणि आधी उलटं केलं. सुलट बाजू कुणीही बघून नक्कल करतो. पण मशीन एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना मागे धागा ओढत नेतं. तो कुठून कुठे जाईल हे डिझाइन काढणाराच ठरवतो, आणि दोन माणसांचं ते कधी सारखं येत नाही. या कापडाच्या पाठीवर धागे तिच्याच वाटेने गेले होते.

"बघून केलेलं नाही," ती म्हणाली. "फाइलच गेलीय."

बाई गेल्या. जाताना, पुढच्या मंगळवारी नवं डिझाइन द्या, तेही बाहेर दिसलं तर आपला रामराम, असं स्वच्छ सांगून गेल्या.

दादाने दार लोटलं. "दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. कुंपणच शेत खातंय, दुसरं काय!"

"कुणाबद्दल बोलतोयस?"

"तुला माहितीये. मास्तरांचा जावई कुठे कामाला आहे?"

मास्तरांचा जावई पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात मशीन चालवायचा. वर्षभरापूर्वी लागला होता. पलीकडच्यांकडेही हेच मशीन होतं, याच कंपनीचं, याच मापाचं. आणि वेलीची किनार त्यांच्याच दुकानाच्या काचेत लागली होती.

"मास्तरांनी मला सुई धरायला शिकवलंय, दादा."

"म्हणून मीही इतके दिवस गप्प बसलो. पुढच्या शनिवारी त्यांना सांगणार आहे, बास झालं म्हणून."

"मला तेवढे दिवस दे. पेनड्राइव्हला कुलूप लावणारी सॉफ्टवेअरं असतात. एन्क्रिप्शन. पासवर्ड नसेल तर फाइल म्हणजे नुसता कचरा. ती लावून बघते."

वहिनी हिशेबाची वही मिटत म्हणाली, "वन्सं, एक पासवर्ड शेगडीलाही लावा. तेवढीच मला सुट्टी."

बारकीने वहीत एक तक्ता आखला. पेनड्राइव्हला हात कोणाकोणाचा लागतो? मास्तर. दादा. वहिनी, कारण कधीकधी तीच तो खाली नेऊन द्यायची. चौथ्या ओळीत तिने स्वतःला लिहिलं. संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, एवढा न्याय तिच्या शिक्षणात होता. पण पेन्सिल सारखी पहिल्या ओळीपाशीच जाऊन थांबत होती.

पहिलं सॉफ्टवेअर तिने बुधवारी लावलं. ते अख्खा पेनड्राइव्हच बंद करत होतं. वर कॉम्प्युटरवर पासवर्ड दिला की उघडायचा, नाही दिला तर दार घट्ट. तिने तीनदा चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला, वेळ लिहून घेतली, खूश होऊन खाली आली आणि पेनड्राइव्ह मशीनला लावला. मशीनने दोन क्षण विचार केला आणि पडद्यावर विचारलं: ड्राइव्ह रिकामा दिसतो, पुसून नवा करू का?

"नको, नको!" मास्तरांनी झटकन 'नाही'वर बोट ठेवलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, कुलूप झकास आहे. घरमालकच बाहेर राहिला."

दुसरं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर एक तिजोरी बनवायचं, म्हणजे एकच मोठी फाइल, जिच्या पोटात बाकीच्या. मशीनला ती फाइल दिसली, पण ओळखीची वाटली नाही. त्याने ती यादीतही घेतली नाही. तिसरं सगळ्यात हुशार होतं. उघडायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरच ठेवायचं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल. पण मशीन म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. त्याला पासवर्ड टाइप करायला साधा कीबोर्डही नव्हता, नऊ बटणं आणि एक पडदा.

शुक्रवारपर्यंत बारकीला कळून चुकलं की मशीनच्या दारात फाइल उघडी-नागडीच न्यावी लागणार. कुलूप चालणार ते फक्त बावीस पायऱ्यांपुरतं. तरी तिने तिसरं सॉफ्टवेअर ठेवलं आणि मशीनशेजारी जुना लॅपटॉप मांडला. वरून बंद पेनड्राइव्ह आणायचा, लॅपटॉपवर उघडायचा, फाइल मशीनला द्यायची, लगेच पुसायची. पासवर्ड फक्त तिला ठाऊक.

"आणि तुला ताप आला तर?" मास्तरांनी विचारलं. ते सुईत धागा ओवत होते, मान वर केली नव्हती. "तो पासवर्ड कुठे लिहून ठेवलायस का?"

"नाही लिहिलेला."

"ठेव लिहून कुठेतरी. डोक्याचा काय भरवसा!"

हाच प्रश्न आठवड्यापूर्वी त्यांनी विचारला असता तर ती हसली असती. आता तिने तो वहीत लिहून घेतला, वार आणि वेळ घालून.

शंकेचं असंच असतं. तिला एकदा पाट दिला की ती ताटावरून उठत नाही. मास्तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन फोनवर हळू बोलायचे. तिची चाहूल लागली की "बरं, ठेवतो" म्हणायचे. पूर्वीही असेच बोलत असतील, पण पूर्वी कोण मोजत होतं? बारकी आता मोजायला लागली. तीन दिवसांत सहा फोन, त्यातले चार जावयाचे, कारण मास्तर नाव घ्यायचे नाहीत पण "अहो जावईबापू" तोंडातून निसटायचंच.

सोमवारी मास्तर यायच्या तासभर आधी ती खाली उतरली. नवं डिझाइन तयार होतं, घंटेच्या आकाराच्या पाच फुलांची रांग. तिने ते तीन प्रकारे केलं होतं. सुलट बाजूने तिन्ही तंतोतंत एक. फरक फक्त पाठीवर. वरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या फाइलमध्ये धागा पहिल्या फुलावरून दुसऱ्यावर जात होता. पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये पहिल्यावरून तिसऱ्यावर. आणि मशीनच्या मेमरीत तिने स्वतः जी फाइल भरली, तिच्यात पहिल्यावरून चौथ्यावर. एक-दोन, एक-तीन, एक-चार. एकदा पोटात गेलेलं डिझाइन मशीन विसरत नाही, त्यामुळे मास्तरांना नमुने शिवायला पेनड्राइव्ह लागणारच नव्हता. आता चोराने कुठूनही फाइल उचलावी, कापडाची पाठ जागा सांगेल.

हे तिने दादालाही सांगितलं नाही. तक्त्यात त्याचीही ओळ होती.

मंगळवारी पाच फुलांचे नमुने बाईंना पोचले आणि पसंत पडले. "आता दोन आठवडे बाहेर दिसायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. शनिवारी दादा मास्तरांना सांगणार होता. बारकीने त्याला विनवून आणखी एक आठवडा मिळवला. त्याच आठवड्यात गुरुवारी कंपनीचा मेकॅनिक दर महिन्यासारखा आला, मशीनचं तेलपाणी केलं, नवीन अपडेट टाकलं आणि गेला. शनिवारी परत आला, कारण अपडेटनंतर धागा कापायचं पातं अडायला लागलं होतं. मास्तर त्याच्यावर खेकसले, तो हसला, पातं ठीक झालं. बारकीने वर बसून मास्तरांचे फोन तेवढे मोजले.

आणि सोमवारी तिला तो दिसला. मास्तर चष्म्याच्या डबीतून चष्मा काढत होते आणि डबीत, पुसायच्या फडक्याखाली, निळा पेनड्राइव्ह होता. कारखान्यात निळा पेनड्राइव्ह कुणाचाच नव्हता. तिची नजर पडताच मास्तरांनी डबी मिटली. घाईने? की नेहमीसारखीच? तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही हेच तिला जास्त खुपलं.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या गल्लीत गेली. तिथल्या कारखान्याच्या पुढच्या भागात छोटं दुकान होतं. काचेत एक उशीचा अभ्रा टांगला होता, क्रीम रंगाचा, आणि त्यावर पाच घंटाफुलं. गिऱ्हाइक म्हणून तिने तो मागितला. काउंटरवरच्या मुलीने दिला. बारकीने तो आतून उलटा केला आणि बोटाने धागा धरला. पहिलं फूल. दुसरं सोडलं. तिसरं सोडलं. चौथं.

एक-चार. मशीनची मेमरी.

मशीनसमोर दिवसभर कोण बसतं याला तक्ता लागत नाही. अभ्रा विकत घेऊन ती परतली आणि तो तिने दादापुढे उलटा पसरला. दादाने अभ्रा पाहिला, ऐकून घेतलं, आणि तो ओरडलाही नाही.

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं!" तो म्हणाला आणि उठला.

"थांब. त्यांच्या डबीत एक पेनड्राइव्ह आहे. मला आधी तो बघू दे."

"बघायचं काय राहिलंय आता?"

"दादा, नमुना हाती आला की तपासायचा. मग निकाल."

दोघं मशीनपाशी आली. सहाही सुया थांबलेल्या, मास्तर दोरा बदलत होते. वहिनी कापायच्या टेबलापाशी उभी होती. बारकीने ठरवलं होतं की शांतपणे विचारायचं, पण तिने थेट डबीकडेच बोट दाखवलं.

"मास्तर, तुमच्या चष्म्याच्या डबीत काय आहे?"

मास्तरांनी डबी उघडली आणि पेनड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. "हा? मेकॅनिकचा. शनिवारी मशीनलाच लावून विसरून गेला. दोनदा फोन केला, उचलत नाही. इथे ठेवला असता तर कचऱ्यात गेला असता. का गं?"

दादा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "मेकॅनिकचा. वा!"

मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, मग टेबलावरच्या अभ्र्याकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. हातातली दोऱ्याची रिळं त्यांनी मांडणीत परत ठेवली, रंगाप्रमाणे, आणि स्टुलावर बसले.

बारकीने निळा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. कुलूप नव्हतं, पासवर्ड नव्हता. एकच फोल्डर, आत दोनशे चौदा डिझाइनं. वेलीची किनार होती. घंटाफुलं होती, तिच्याच नावाने, तिच्याच तारखेची.

"झालं?" दादा म्हणाला.

ती यादी खाली सरकवत होती. तिने आजवर काढलेली डिझाइनं एकशे एकतीस होती; वहीत आकडा होता. मग वरची त्र्याऐंशी कुणाची? तिने एक उघडलं. होडी. दुसरं, कंदील. तिने आयुष्यात होडी काढली नव्हती.

"मास्तर, मशीनच्या मेमरीत किती डिझाइनं आहेत?"

"मला काय ठाऊक! तू चिठ्ठीवर नंबर देतेस, तो मी लावतो. पहिल्या पानावरच असतो. खाली कशाला जातोय मी?"

ती मशीनच्या पडद्याशी गेली. एका पानावर आठ डिझाइनं. ती बटण दाबत गेली, मनात मोजत गेली. सव्विसावं पान भरलेलं. सत्ताविसाव्यावर सहा. दोनशे चौदा. होडी होती. कंदील होता.

"दादा, इकडे ये. ही पलीकडच्यांची आहेत. आपल्या मशीनमध्ये."

"म्हणजे यांनीच आणली असतील! तिकडचं इकडे, इकडचं तिकडे."

"मी आणली," मास्तर म्हणाले, "आणि तुम्हाला सांगितलंही नाही? मग आणली कशाला, लोणचं घालायला?"

वहिनीला हसू आवरलं नाही. दादाला ते झोंबलं. बारकीने तोवर पेनड्राइव्हच्या पाठीवर चिकटवलेला मेकॅनिकचा नंबर पाहिला होता. या वेळी फोन उचलला गेला. तिने आवाज मोठा केला.

"अहो ताई, तिकडे राहिला होय! मी सगळी बॅग उपसली. जपून ठेवा हां."

"यात पलीकडच्या कारखान्याची डिझाइनं कशी?"

"असणारच की. अपडेट टाकलं की मेमरी पुसली जाते ना. म्हणून आधी सगळी काढून घेतो आणि नंतर परत भरतो."

"परत भरताना आमची तेवढीच भरता?"

"आता... वेगवेगळं कोण करत बसणार, ताई? मशीन सगळी एकाच मॉडेलची. फोल्डर दिला की भरून मोकळा. जास्तीची राहिली तर काय बिघडलं? जागा खूप आहे मेमरीत."

"गुरुवारी आमच्याकडून कुठे गेला होतात?"

"शुक्रवारी पलीकडे. का? त्यांचंही पातं अडतंय का?"

तिने फोन ठेवला. तक्ता चुकला नव्हता. तक्त्याचा प्रश्नच चुकला होता. पेनड्राइव्हला कोण हात लावतं, एवढंच तिने विचारलं होतं. मशीनला कोण पेनड्राइव्ह लावतं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. आठ दिवस ती एका दाराला तीन-तीन कुलपं लावून बघत होती आणि दुसऱ्या दारातून माणूस तेलाचा डबा घेऊन हसत ये-जा करत होता.

"काखेत कळसा," वहिनी पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "अहो, एक मिनिट. त्या शिंपल्याचं काय?"

"कसला शिंपला?" बारकीने विचारलं.

दादा खाली बघायला लागला. "मागच्या महिन्यात. ते चाळीस उशांचं घाईचं काम होतं ना, तू नोकरीच्या परीक्षेला गेली होतीस तेव्हा. मी मेमरीत शोधलं, खाली एक शिंपला सापडला. छान होता. मला वाटलं, तुझंच जुनं काहीतरी आहे."

"मी कधी शिंपला काढलेला नाही, दादा."

चाळीस शिंपले गावभर कुणाच्या ना कुणाच्या सोफ्यावर पडले होते. "पलीकडच्यांनी त्यातला एक उलटा करून पाहिला असेल का?" बारकीने विचारलं.

"पाहिला," मास्तर म्हणाले. ते स्टुलावरून उठले नव्हते. "आता लागतोय मला अर्थ. जावयाला पंधरा दिवसांपूर्वी कामावरून काढलं. कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, तुझा सासरा कुठे काम करतो ते आम्हाला माहीत आहे. तो बिचारा रोज फोन करून विचारतोय, मामा, माझं चुकलं काय? मी त्याला काय सांगणार?"

बारकीला जावयाचे ते चार फोन आठवले. वार आणि वेळ घालून लिहिलेले.

"मास्तर," ती म्हणाली, "मी तुमच्यावर संशय घेतला. वहीत लिहून ठेवत होते."

"दिसत होतं ते. तू लहानपणी चोरून दोरे तोडायचीस तेव्हाही तुझं तोंड असंच व्हायचं." त्यांनी चष्मा पुसला. "विचारायचं होतंस, पोरी. एवढं यंत्र कशाला लावायचं होतं माझ्यामागे?"

दादा घसा खाकरून म्हणाला, "मास्तर, झालं गेलं... तुम्ही उद्यापासून—"

"उद्याचं उद्या." मास्तरांनी मशीनचं बटण बंद केलं. सहा डोक्यांवरचे सहा दिवे विझले. "आधी पलीकडे जा. माझ्या पोरीच्या घरातला माणूस तुमच्या शिंपल्यापायी बसून आहे. तो कामावर लागला की मी मशीन चालू करतो. तोवर मला दोरा दिसत नाही असं समजा."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आतून, घाईच्या कामातून उरलेला, एक शिंपल्याचा अभ्रा आणून त्याच्या हातात दिला. "जा. आणि तिथे जाऊन आवाज चढवू नका. चढवायला आपल्याकडे काही नाहीये."

बारकीने निळा पेनड्राइव्ह मुठीत घेतला. सवयीने तिला वाटलं, त्याला आधी कुलूप लावावं. मग वाटलं, कशाला? दोघांचंही त्यात आहे.

पलीकडच्या दुकानात कारखान्याचा मालकच काउंटरवर होता. उंच, पिकल्या मिशांचा माणूस. त्याने दादाला पाहिलं, दादाच्या हातातलं कापड पाहिलं, आणि काउंटरखालून स्वतःकडचा तसाच एक अभ्रा काढून समोर ठेवला. उलटा करून. पाठीवरचा एक धागा लाल पेनाने खूण करून ठेवलेला होता.

"या," तो म्हणाला. "म्हटलं बघू, शिंपला घेऊन कधी येताय."